पट, प्रांत आणि प्रतिपक्ष

कोपरचे रेल्वे स्थानक दुमजली आहे. खालच्या अंगाने मुंबई-ठाण्याकडून आलेले रूळ डोंबिवली-कल्याणकडे जातात, आणि त्यांच्या माथ्यावरून, त्यांना आडवा छेद देत, दिव्याहून निघालेला दुसरा मार्ग उल्हास नदीची खाडी ओलांडून भिवंडी, खारबाव, कामण ही गावे मागे टाकीत वसईला पोचतो. कचेरीची वेळ गाठण्याच्या विवंचनेत या जिन्यांवरून नित्य चढउतार करणाऱ्या मनुष्याच्या मनात हे क्वचितच येते की, या दोन मार्गांनी जोडलेली ठाणे, कल्याण, भिवंडी आणि वसई ही चार स्थळे म्हणजे अठराव्या शतकात उत्तर कोकणच्या स्वामित्वासाठी मराठे, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात जे झगडे झाले, त्यांचा जवळजवळ संपूर्ण नकाशाच होय. एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर निरभ्र सकाळी उभे राहावे, म्हणजे एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला मलंगगडाचा सुळका आणि मधून संथपणे वळण घेत जाणारी खाडी अशी ती रणभूमी, कोणी पट अंथरून ठेवावा तशी, दृष्टीसमोर पसरलेली असते.

पटाची ही उपमा मला सहज सुचण्याचे कारण असे की, गेली कित्येक वर्षे माझ्या घरातील सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशा एका लाकडी मेजावर मी या प्रांतातील जुन्या लढाया पुन्हा मांडून पाहत आलो आहे. इंग्रजीत ज्याला वॉरगेम म्हणतात तोच हा छंद. भूमीचे चढउतार माती आणि भुसा यांनी उभारावयाचे, ओढे निळ्या चिंध्यांनी दाखवावयाचे, पायदळ, घोडदळ आणि तोफखाना यांच्या लहानलहान प्रतिमा दोन्ही बाजूंना मांडावयाच्या, किती चालावे याचे माप फूटपट्टीने आणि नशिबाचा कौल फाशांनी घ्यावयाचा, आणि मग इतिहासाने एकदा दिलेला निकाल बाजूस ठेवून, दोन मनुष्यांनी समोरासमोर बसून, त्या दिवसाचे प्रश्न नव्याने सोडवावयाचे. या व्यासंगात सोंगट्या हलविणे हे सर्वांत सोपे काम आहे. खरा कस लागतो तो कोणती लढाई मांडावयाची हे ठरविताना, आणि त्या निवडीविषयीच मला येथे काही सांगावयाचे आहे.

महाराष्ट्रातील मुलांना रणभूमी उभारण्याचा संस्कार बालपणीच घडतो. दिवाळी जवळ आली की वाड्यांच्या अंगणांत, आणि अलीकडे इमारतींच्या आवारांत, दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला उभा राहतो. त्याच्या उतारावर आळीव किंवा मोहरी पेरून तीनचार दिवसांत हिरवळ उगवून घेतात, गेरूने तट रंगवितात, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे करतात, आणि बाजारात मिळणारे मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करून सर्वांत वर, सिंहासनावर, शिवछत्रपतींची मूर्ती बसवितात. कोपरच्या शेजारी, डोंबिवलीच्या पश्चिम भागात, कुंभारखाणपाडा नावाची वस्ती आहे. या परिसराचे मातीशी असलेले जुने नाते त्या नावात टिकून आहे असे मला नेहमी वाटते. तो किल्ला करताना मुलांना माची म्हणजे काय, बालेकिल्ला कोठे असतो, दिंडी दरवाजा आडबाजूला का काढावा, हे कोणी न शिकविता कळते, आणि चिखलाने हात माखून मिळालेले ते दुर्गशास्त्र पुढे पुष्कळ ग्रंथ वाचूनही पुसले जात नाही.

या रम्य प्रथेविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु प्रौढ वयात त्या किल्ल्याकडे पाहताना एक उणीव माझ्या लक्षात आली, ती अशी की त्या किल्ल्याला बहुधा शत्रूच नसतो. तटावरचे सर्व मावळे आपलेच, खालच्या वाटेने चढणारे शिलेदारही आपलेच, आणि तोफांची तोंडे ज्या दिशेला वळलेली असतात तेथे अंगणाच्या फरशीखेरीज दुसरे काही नसते. किल्ला ही आपल्याकडे पूजेची वस्तू झाली आणि तसे होणे स्वाभाविकच होते. तथापि लढाई समजून घ्यावयाची तर प्रतिपक्ष लागतो, आणि त्या प्रतिपक्षालाही बुद्धी, भूक, भय आणि आशा असतात असे गृहीत धरावे लागते.

वस्तुतः प्रतिपक्षाला समान मान देणारा खेळ या देशाने फार पूर्वी निर्माण केला होता. हत्ती, घोडा, रथ आणि पदाती या चार अंगांवरून ज्याला चतुरंग हे नाव मिळाले, त्या खेळात दोन्ही बाजूंचे बळ सारखे असते, आणि पराभव झाला तर दोष स्वतःच्या बुद्धीखेरीज अन्य कोणाला देता येत नाही. परंतु बुद्धिबळाच्या चौसष्ट घरांत कोठे घाट नाही, भरतीओहोटी नाही, दारूगोळा संपत नाही, आणि राजाचा हुकूम उंटाला ऐकू आला नाही असेही कधी घडत नाही. ही न्यूनता दूर करण्याचा यत्न युरोपात झाला. जर्मनीतील ब्राउन्श्वाइग येथे योहान हेल्विग नावाच्या गणिताच्या अध्यापकाने १७८० साली बुद्धिबळावरून रचलेला एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पटावर दीड हजारांहून अधिक घरे होती आणि पर्वत, दलदल, पाणी यांची घरे वेगवेगळ्या रंगांनी दर्शविलेली होती. पुढे प्रशियात राइसविट्झ या मुलकी अधिकाऱ्याने चौकटी मोडून टाकल्या, खऱ्या भूमीची प्रतिकृती करून तीवर सोंगट्या मोकळेपणी हलविण्याची रीत काढली, आणि १८१२ साली तो सरंजाम आपल्या राजाला दाखविला. तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्याच्या पुत्राने १८२४ साली नकाशा, फासे आणि तटस्थ पंच यांवर आधारलेले नियम छापले. या पंचाची योजना सर्वांत महत्त्वाची होती, कारण शत्रूची जी हालचाल खऱ्या सेनापतीला दिसली नसती, ती खेळणारालाही दिसू नये याची काळजी तो पंच घेई. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यावर इतर राष्ट्रांच्या लष्करी शाळांनी हा खेळ उचलला. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ साली घरगुती खेळण्यासाठी सुटसुटीत नियमांचे एक पुस्तक लिहिले, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध किती बरे, असे त्यात कळकळीने प्रतिपादिले. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

या हकिकतीतील १७८० हा आकडा वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण हेल्विग ज्या वर्षी आपला पट छापीत होता त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात, कोपरपासून फार दूर नाही अशा एका खेड्याच्या शिवारात, जी लढाई झाली तिच्याकडे मला अखेरीस वळावयाचे आहे.

माझा पुतण्या शाळेत आठवीच्या वर्गात असताना प्रथम या मेजाशी येऊन बसला, तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न केला, “काका, आपण पानिपत मांडू या ना!” हा प्रश्न प्रत्येक मराठी मुलगा करतो. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस आपल्या मनात इतका खोल रुतला आहे की, तो पुन्हा मांडून त्याचा शेवट बदलावा अशी इच्छा होणे अगदी मनुष्यस्वभावाला धरून आहे. परंतु मी त्याला नकार दिला. पानिपतावर त्या दिवशी जे घडले त्याचा मोठा भाग आधीच्या कित्येक आठवड्यांच्या नाकेबंदीत, तुटलेल्या रसदेत आणि उपाशी जनावरांच्या दावणीत ठरून गेला होता, आणि दिवसभराच्या रणसंग्रामाचा पट मांडला तर तो ठरलेला भाग पटाबाहेरच राहतो. शिवाय जी लढाई आपण केवळ शल्य काढण्यासाठी मांडतो, तीत समोरच्या खुर्चीवर बसावयास मनापासून कोणी तयार होत नाही, आणि तेथे बसलेला मनुष्य अर्धवट मनाने खेळला तर जिंकणाराचे समाधानही खोटे ठरते.

तेव्हा मग निवड कशी करावी? आपल्याच प्रांतातील प्रसंग एकेक करून मेजावर ठेवले म्हणजे निवडीची तत्त्वे आपोआप उलगडत जातात.

कल्याणचाच प्रसंग प्रथम घेऊ. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांच्या फौजेने आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली, खाडीच्या काठी दुर्गाडीचा कोट उभा राहिला, आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ या खाडीत झाला. परिणामांच्या दृष्टीने या जिल्ह्याच्या इतिहासात याहून मोठा दिवस शोधूनही सापडावयाचा नाही. पण पटाच्या दृष्टीने त्यात काही मिळत नाही, कारण त्या प्रसंगाचे यश योजनेच्या अचूकपणात आणि वेळेच्या निवडीत होते, आणि जेथे प्रतिकार उभाच राहू दिला नाही तेथे दुसऱ्या खेळाडूला करावयास काही उरत नाही. यावरून पहिला धडा मिळाला तो हा की, प्रसंगाचे ऐतिहासिक महत्त्व आणि त्याची खेळण्याजोगी योग्यता यांची मापे निरनिराळी आहेत.

दुसरा प्रसंग १६६१ च्या आरंभीचा, उंबरखिंडीचा. कारतलबखान नावाचा मोगल सरदार घाट उतरून कोकणात येऊ पाहत असता दाट अरण्यातील त्या चिंचोळ्या वाटेत महाराजांनी त्याला गाठले, आणि मागेपुढे वाट बंद झालेल्या, तहानेने व्याकुळ झालेल्या त्या सैन्याला शरण येण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात या प्रसंगाचे विस्तृत वर्णन आहे. हा प्रसंग मी दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा खानाच्या बाजूने खेळणारा पहिल्या घटकेतच हताश झाला. मग आरंभाचा क्षण मी मागे नेला. खान अजून घाटमाथ्यावर आहे, कोणत्या वाटेने उतरावे हे त्याचे ठरावयाचे आहे, येथून पट सुरू केला, आणि तत्काळ खेळात प्राण आला. लढाईची निवड म्हणजे तिच्या आरंभबिंदूचीही निवड होय, हे मला त्या दिवशी कळले. तलवारी भिडण्याचा क्षण डोळ्यांत भरतो खरा, पण निर्णयाचा क्षण पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या घाटमाथ्यावर, मुकाट्याने येऊन गेलेला असतो.

१७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम म्हणजे तर या प्रांताच्या इतिहासातील महापर्वच. पोर्तुगिजांचा वसईवर १५३४ पासून अंमल होता. साष्टी बेटाचे रक्षण व्हावे म्हणून १७३० मध्ये ठाण्यास त्यांनी नवा कोट बांधावयास घेतला, आणि तो अपुरा असतानाच १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी खाडी उतरून त्यावर झडप घातली. या कार्यासाठी पेशव्यांकडे सतत खटपट करणारांत गंगाजी नाईक अंजूरकर यांचे नाव अग्रगण्य आहे, आणि त्यांचे अंजूर खाडीच्या पलीकडे, भिवंडी तालुक्यात आहे. कोपरहून वसईच्या गाडीत बसले की भिवंडी रोड स्थानकाशी ज्या अंजूर फाट्याचे नाव कानी पडते, ते हेच अंजूर. खाडीचे उतार, भरतीच्या वेळा आणि गावोगावची माणसे यांची माहिती असलेला असा स्थानिक मनुष्य पाठीशी असणे हे एखाद्या तोफखान्याइतके मोलाचे असते. म्हणून ठाण्याचा पट मांडताना मी मराठ्यांच्या बाजूला भरतीओहोटीचे कोष्टक आधी पाहण्याची मुभा देतो, आणि प्रतिपक्षाला ती देत नाही.

वसईच्या किल्ल्याचा वेढा मात्र संबंध मांडणे अशक्य आहे. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चिमाजी अप्पांची फौज उत्तरेच्या बाजूने वाळूत मोर्चे पुढे सरकवीत होती, सुरुंग खणीत होती, आणि आतील शिबंदी ते निकामी करीत होती. त्या तीन महिन्यांना एका सायंकाळच्या पटावर आणणे म्हणजे रामायणाचे एका श्लोकात सार सांगण्यासारखे आहे. मी शेवटचे दोनतीन दिवस तेवढे घेतो. सुरुंगांनी सेबास्टियन बुरुजाला खिंडार पडले आहे, हल्लेखोर पुन्हा पुन्हा आत शिरू पाहत आहेत, आणि आतल्या सेनापतीपुढे आणखी किती माणसे खर्ची घालून किती तास मिळवावयाचे असा प्रश्न आहे. पोर्तुगीज कागदांत शरणागतीची तारीख १६ मे, तर इंग्रजांच्या कागदांत ५ मे अशी सापडते. इंग्रज तोवर जुनेच पंचांग चालवीत असल्यामुळे हे अकरा दिवसांचे अंतर पडते, आणि ज्याला चंद्र व भरती यांचा हिशेब पटावर घ्यावयाचा आहे त्याने प्रथम ही तारखांची गाठ सोडविली पाहिजे. तहाच्या कलमांप्रमाणे शिबंदी आपल्या शस्त्रांनिशी, वाजतगाजत, सन्मानाने बाहेर पडली. ज्या वेढ्यात इतकी माणसे पडली त्याच्या अंती जेत्याने जिताला असा मान द्यावा, यात दोन्ही पक्षांच्या शौर्याची साक्ष आहे, आणि म्हणून या पटावर पोर्तुगिजांच्या खुर्चीवर बसणारालाही आपण हलके काम करीत आहोत असे कधी वाटत नाही.

गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, त्यांतील एक खंड वसईच्या मोहिमेलाच वाहिलेला आहे. तो उघडला म्हणजे पट मांडणाराच्या लक्षात येते की, सरदारांच्या पत्रांत पराक्रमाच्या शब्दांपेक्षा दारू, शिसे, दाणागोटा, कुमक आणि पैका हे शब्द वारंवार येतात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पटाच्या कडेला एक छोटे दफ्तर असते. प्रत्येक तोफेच्या नावे किती बार शिल्लक आहेत हे त्यात मांडलेले असते, आणि बार संपले की ती तोफ पटावर नुसती शोभेला उरते.

यानंतर इंग्रजांचा प्रवेश होतो. साष्टी परत मिळविण्यासाठी पोर्तुगीज आरमार येत असल्याची वार्ता लागताच इंग्रजांनी घाई करून १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याला वेढा घातला. २० डिसेंबरला तोफा सुरू झाल्या, २७ ला खंदक भरून आत घुसण्याचा त्यांचा यत्न मराठी शिबंदीने सुमारे शंभर गोरे लोक जायबंदी वा ठार करून उधळून लावला, आणि दुसऱ्याच दिवशी सायंकाळी पुन्हा हल्ला होऊन कोट पडला व आतील बहुतेक लोक कापले गेले. एका दिवसाचे यश दुसऱ्या दिवशी अशा रीतीने मातीस मिळाले. हा पट मी २७ च्या रात्री सुरू करतो आणि मराठी किल्लेदाराच्या खुर्चीवर बसणाराला विचारतो, की हल्ला मोडून काढल्याच्या आनंदात ही रात्र घालवावयाची, की त्याच खंदकापाशी मशाली घेऊन पुन्हा उभे राहावयाचे? हाच कोट पुढे तुरुंग झाला, तेथूनच १८१६ साली पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले, आणि आजही तेथे कारागृहच आहे.

१७७९ च्या जानेवारीतील वडगावचा प्रसंग आणखी निराळ्या जातीचा. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवावयास निघालेली सुमारे ३९०० सैनिकांची इंग्रज फौज १९,००० बैलांचा काफिला घेऊन बोरघाट चढली आणि खंडाळ्यापुढे दिवसाला मैलभराची मजलही तिला साधेना. तळेगाव गाठले तो गाव जाळलेला, पाठीमागची वाट मराठी घोडदळाने व्यापलेली. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून तिने माघार घेतली आणि वडगावपाशी वेढली जाऊन तिला तह करावा लागला. या पटावर तलवारीला फारसे काम नाही, तेथे बैलच निकाल देतात. परंतु त्या माघारीत पिछाडी सांभाळणारांत जेम्स हार्टले नावाचा एक कप्तान होता, आणि त्याचे नाव आपण विसरता कामा नये, कारण पुढच्याच वर्षी तो आपल्या खाडीकाठी पुन्हा भेटतो.

१७८० च्या मे महिन्यात इंग्रजांनी कल्याण घेतले. मराठ्यांनी ते परत घेण्यासाठी फौज पाठविली, आणि कर्नल झालेल्या हार्टलेने ऐन वेळी येऊन मराठ्यांच्या छावणीवर अवचित छापा घातला. पावसाळ्यात मलंगगडाची माची इंग्रजांनी घेतली, पण वरचा बालेकिल्ला त्यांना साधला नाही, उलट वर चढलेली तुकडी स्वतःच कोंडली गेली, आणि तिला सोडविण्यासही हार्टलेलाच जावे लागले. नोव्हेंबरात जनरल गॉडर्ड वसईला वेढा घालून बसला आणि घाटावरून उतरणाऱ्या मराठी कुमकेला थोपवून धरण्याचे काम हार्टलेकडे आले. भिवंडीच्या उत्तरेस सुमारे नऊ मैलांवर, वज्रेश्वरीच्या वाटेवर, दुगाड म्हणून गाव आहे, तेथे त्याने तळ दिला.

दुगाडची लढाई आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, तिच्यावर पोवाडे गायिले जात नाहीत, आणि तिने राज्य गेले किंवा आले असेही म्हणता येत नाही. तथापि इतक्या वर्षांच्या व्यासंगानंतर मला कोणी एकच पट मांडावयास सांगितला तर मी दुगाडचा मांडीन. हार्टलेजवळ लढण्याजोगे सुमारे दोन हजार लोक होते. मराठ्यांची फौज वीस हजारांहून अधिक, आणि तिचे आधिपत्य रामचंद्र गणेश कानडे यांच्याकडे होते. उत्तर हिंदुस्थानातील १७६९ च्या मोहिमेचे सेनापतित्व केलेला हा अनुभवी सरदार. मेजावर शंभर माणसांमागे एक सोंगटी धरली तर एकीकडे दोनशे आणि दुसरीकडे वीस सोंगट्या उभ्या राहतात, आणि ते दृश्य पाहून नवखा खेळाडू हसतो. परंतु त्या वीस सोंगट्यांच्या दोन्ही बगलांना एकेक टेकडी असते, समोरची भूमी अरुंद असते, आणि दोनशेंपैकी एका वेळी फार थोड्यांनाच भिडता येते.

१० डिसेंबरला मराठ्यांनी पुढून आणि मागून चालून घेतले, पण हार्टलेची रांग मोडली नाही. तेव्हा रामचंद्र गणेशांनी १२ तारखेसाठी वेगळी योजना केली. समोरून तोफखान्याचे सरदार पानसे यांच्या तोफा शत्रूला गुंतवून ठेवतील, आणि पहाटेच्या धुक्यात स्वतः सेनापती अरब पायदळ आणि नोरोन्हा नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हाताखालील कवायती पलटण घेऊन टेकडीच्या बाजूने वर चढतील, अशी ती योजना होती. योजना उत्तम होती. हार्टलेनेही तोच डाव ओळखला आणि आदल्या रात्री टेकडीवर छातीइतका आडोसा करून तोफ चढवून ठेवली. पहाटे धुके दाट होते, चढणारे लोक अगदी जवळ आले, आणि त्याच वेळी धुके एकाएकी विरले. दोन्ही पक्ष क्षणभर एकमेकांसमोर उघडे पडले, आणि तोफेच्या छऱ्यांच्या माऱ्यात रामचंद्र गणेश पडले, नोरोन्हा जखमी झाला, व सेनापतीवाचून फौज मागे सरली. ज्या वसईच्या सुटकेसाठी हा सगळा खटाटोप होता, ती वसई आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, गॉडर्डच्या स्वाधीन झाली होती.

मला लढाईकडून जे जे हवे असते ते सारे येथे आहे. भूमी अशी की पायी हिंडून डोळ्यांनी पारखता येते. आरंभबिंदू असा की, ११ च्या रात्री दोन्ही सेनापती आपापल्या राहुटीत त्याच एका टेकडीचा विचार करीत आहेत. दोन्ही बाजूंची बुद्धी तुल्यबळ, दोघांच्याही योजना शहाणपणाच्या, आणि त्यांच्यामध्ये उभे आहे ते पौष महिन्याच्या सुमाराचे धुके, ज्यावर कोणाचाच हुकूम चालत नाही. माझ्या पटावर पंच दर घटकेला फासा टाकून धुके किती राहिले ते सांगतो. वसई पडल्याची खबर मात्र मराठ्यांच्या बाजूला तो सांगत नाही. ती पोचविण्याचा जिम्मा हरकाऱ्याच्या सोंगटीचा असतो, आणि ती सोंगटी पटाच्या दूरच्या कडेपासून फूटपट्टीच्या मापानेच पुढे येते.

माझ्या घरचा एक नियम आहे: प्रत्येक लढाई दोनदा खेळावयाची आणि दुसऱ्या वेळी खुर्च्या बदलावयाच्या. पुतण्याने पहिल्या वेळी रामचंद्र गणेशांची बाजू हौसेने घेतली, आणि धुके विरण्याआधी टेकडी गाठण्यासाठी अर्धी फौज मागे ठेवून धावत सुटला. ती टेकडी त्याने घेतलीही. दुसऱ्या वेळी हार्टलेच्या खुर्चीवर बसण्यास तो नाखूष होता. परंतु वीस सोंगट्या पुढे ओढून त्याने समोरच्या दोनशेंकडे पाहिले, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग हळूच विचारले, “काका, यांना रात्री झोप लागली असेल?” माझ्या दृष्टीने त्या संध्याकाळी इतिहासाचा अभ्यास तेथे सुरू झाला. आपल्या पूर्वजांचा पराक्रम किती मोठा होता हे समजण्यास प्रतिपक्षही माणसांचाच होता हे आधी उमगावे लागते, कारण बाहुल्यांवर मिळविलेल्या विजयाचे मोल बाहुल्यांइतकेच असते.

पटाला पुष्कळ गोष्टी दाखविता येत नाहीत हे मी जाणतो. जखमी मनुष्याची तहान, मागे राहिलेल्या कुटुंबाची दैना, जळालेल्या गावातील पेरणी यांच्या सोंगट्या नसतात, आणि म्हणून खेळ संपला की पडलेल्या सोंगट्या मोजून, त्यांना शंभराने गुणून, तो आकडा वहीत लिहिल्यावाचून मी पट उचलू देत नाही. ज्या लढाईचा तो आकडा लिहिताना हात अडखळत नाही, ती लढाई निवडण्यात काहीतरी चुकले असे मी समजतो.

त्या वर्षी दिवाळीत इमारतीच्या आवारात मुलांनी नेहमीप्रमाणे किल्ला केला. पुतण्याने हट्टाने त्याच्या दोन्ही अंगांना एकेक टेकडी केली आणि बाजारात जाऊन फिरंगी शिपाई शोधू लागला. ते कोठेच मिळेनात, कारण साचे सगळे मावळ्यांचे. तेव्हा त्याने वीस मावळे वेगळे काढले, त्यांच्या अंगरख्यांवर तांबडा रंग दिला, आणि त्यांना पायथ्याशी रांगेत उभे केले. एका वृद्ध शेजाऱ्यांना ते रुचले नाही. एकाच साच्यातले लोक दोन बाजूंना कसे, असे त्यांनी विचारले. मी त्यांना सांगितले की, दुगाडलाही पुष्कळसे असेच होते. मुंबईकर इंग्रजांच्या त्या काळच्या पलटणी बहुतांशी याच कोकणातील मराठे, महार, बेने इस्राएल अशा लोकांनी भरलेल्या असत, आणि मराठ्यांच्या बाजूने त्या पहाटे टेकडी चढत होते ते अरब आणि एका पोर्तुगिजाचे गाडदी.

ते थोडा वेळ त्या तांबड्या रांगेकडे पाहत राहिले. मग खाली वाकून, रांगेतला एक कलंडलेला शिपाई त्यांनी स्वतःच्या हाताने ओल्या मातीत नीट उभा केला.